राईची उशी

मुलांनो, हाताची ओंजळ करा आणि समजा, ती राईनं भरली आहे. राई म्हणजे आपली मोहरी. दाणे कसे थंडगार लागतात बघा. बोटं जरा हलवली की कसे सळसळत सरकतात. आता हेच दाणे एका लहानशा कापडी पिशवीत भरले, तोंड शिवून टाकलं आणि वर एक इवलंसं डोकं ठेवलं, तर डोक्याच्या भारानं दाणे बाजूला होतील आणि मधोमध डोक्यापुरती खळी पडेल. किती छान, नाही? पंचशीलालाही ते फार छान वाटलं होतं.

आता आणखी एक गोष्ट समजा. ही जरा अवघड आहे. तुमच्या हातून एक चूक झाली आहे आणि ती कोणी पाहिलेली नाही. त्या चुकीबद्दल बोलणी मात्र दुसरंच माणूस खातंय, तुमच्या डोळ्यांसमोर. आणि ते माणूस तुमचं सगळ्यात लाडकं आहे.

एवढं मनात धरून ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

पंचशीला दहा वर्षांची होती. घरात तिला शीलू म्हणत. इंदूरला नंदानगरच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. तिचे पप्पा नरेंद्र वीज कंपनीच्या ऑफिसात होते. तिची मम्मी प्रीती एका लॅबमध्ये रक्त तपासायची, पण सध्या ती लंब्या सुट्टीवर होती, कारण घरात अडीच महिन्यांचा ज्ञानदीप होता. आणि होती आजी, कांताबाई. शीलूचे आजोबा नथू महूला फौजेच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. ते गेल्यावर आजी महूचं घर सोडून मुलाकडे आली, ती दोन पेट्या घेऊन. एका पेटीत भांडी होती, ती तिनं वाटून टाकली. दुसऱ्या पेटीत जुनी लुगडी, पातळं, धोतरं आणि सुईदोऱ्याचा डबा होता. त्या पेटीला शीलूखेरीज कोणाला हात लावायची परवानगी नव्हती.

शीलूला शिवायला आजीनंच शिकवलं. धावदोरा कसा घालायचा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा कसा ठेवायचा, शेवटी गाठ कशी लपवायची. "दिसली गाठ की शिवणारीची लाज गेली," आजी म्हणायची. शीलूचा टाका हळूहळू इतका आजीसारखा झाला की पप्पा म्हणत, "क्या बात है! आता आईचा धंदा हिनं खाल्ला."

आजीला मात्र अलीकडे विसरायला व्हायचं. एकदा तिचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, दह्याच्या भांड्याशेजारी. सगळे पोट धरून हसले. "चष्म्याला गरमी होत होती माझ्या," असं म्हणत आजीही हसली.

ज्ञानदीप दवाखान्यातून घरी आला त्याच दिवशी आजीनं राई मागितली होती. "बाळाला राईची उशी करते. डोकं गोल होतं. या नरेंद्राचं बघ, कसं नारळासारखं आहे. कोणामुळे?"

मम्मी म्हणाली, "आई, नको ना. डॉक्टरांनी बिल्कुल नाही म्हटलंय. उशी नाही, गोधडी नाही, खेळणी नाहीत."

"मग बाळ झोपायचं कशावर? फरशीवर?"

"कडक गादीवर. पाठीवर. बस."

आजी थोडी फुरंगटली, मग म्हणाली, "बरं बाई. आता डॉक्टरीणच त्याची आजी." आणि तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

त्याच संध्याकाळी शीलूनं एक कागद घेतला आणि मम्मी सांगत गेली तसं हिरव्या स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं: बाळ पाठीवर. बाळ आपल्या अंथरुणात एकटं. तोंड आणि डोकं उघडं. बिछाना रिकामा. खाली तिनं एक फूल काढलं आणि तो कागद बाळाच्या लाकडी कॉटवर भिंतीला चिकटवला. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो वाचायचा आणि म्हणायचा, अक्षर किती सुरेख आहे.

सगळं बिघडलं ते खालच्या मजल्यावरच्या जनामावशींमुळे. तसं पाहिलं तर त्यांचीही चूक नाही, त्यांची जीभच तशी होती. जानेवारीत एका दुपारी त्या बाळाला बघायला आल्या, त्याला मांडीवर उताणं घेतलं, मागून डोकं चाचपलं आणि म्हणाल्या, "अगं बाई! हा तर मागून पाट झालाय. आम्ही लाडू मागितला होता प्रीती, तू तर बर्फी आणलीस!"

मम्मी हसली. "होईल हो मावशी. डॉक्टर म्हणाल्या, मोठा झाला की भरून येतं."

शीलू हसली नाही. जनामावशी गेल्यावर तिनं बाळाच्या डोक्यामागून हात फिरवला. खरंच सपाट होतं. शाळेत त्याला बर्फी म्हणतील, असं तिला वाटलं. आणि तिला आजीचं बोलणं आठवलं.

पुढचे तीन दिवस शीलू शाळेतून आली की गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायची. आजीच्या पेटीतून तिनं हिरव्या पातळाचा एक तुकडा आणला होता, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. स्वयंपाकघरातल्या डब्यातून दोन वाट्या राई आणली होती. सुई दोनदा बोटात गेली. टाके तांदळाच्या दाण्याएवढे आले. गाठ कुठे आहे ते तिचं तिलाही सापडेना. पुरी झालेली उशी तिनं गालाला लावून पाहिली आणि ती स्वतःवर खूश झाली.

तिला तो कागद आठवला नाही असं नाही. तो तिनंच लिहिला होता. 'बिछाना रिकामा' ही ओळ तर तिनं दोनदा गिरवली होती. पण ती मनाशी म्हणाली, ही काय मोठी उशी आहे? एवढीशी तर आहे. आणि डोकं गोल होईपर्यंतच ठेवायची. मम्मी बघेल आणि म्हणेल, अरे, हे कोणी केलं!

शनिवार आला. शाळेला सुट्टी होती. पप्पा सकाळीच भाजी आणायला गेले होते. मम्मी म्हणाली, "आई, दहा मिनिटं बघाल का याला? अंघोळ करून येते." आजी कॉटशेजारी खुर्ची ओढून बसली. मांडीवर बटल्याच्या, म्हणजे मटारच्या, शेंगांची परात होती. इंदूरला थंडीत घरोघरी हेच चाललेलं असतं, बटले सोलणं. खिडकीतून ऊन आलं होतं. आजीचे हात मंद मंद होत गेले आणि हनुवटी छातीवर टेकली.

शीलू दारात उभी होती. हीच वेळ, तिला वाटलं. ती पावलं न वाजवता आत गेली. आजीनंच शिकवल्याप्रमाणे तिनं एक तळवा बाळाच्या मानेखाली घातला, डोकं जरासं उचललं आणि दुसऱ्या हातानं उशी सरकवली. दाणे सळसळले. डोकं खळीत बसलं. ज्ञानदीपनं झोपेत ओठ चाटले. शीलूला इतका आनंद झाला की तिला हसू दाबता येईना. मम्मीला आपण होऊन उशी दिसू दे, म्हणून ती गच्चीवर वाळलेले लंगोट आणायला पळाली.

लंगोटांच्या घड्या घालता घालता तिला मम्मीची किंकाळी ऐकू आली.

ती जिना कशी उतरली ते तिला आठवत नाही. दारातून तिला दिसलं ते एवढंच: मम्मीचे ओले केस, मम्मीच्या हातात ज्ञानदीप, त्याचे ओठ जांभळट, मान लुळी. मम्मी त्याची पाठ चोळत होती आणि त्याला हाका मारत होती. आजी उभी राहिली होती. परात पडली होती आणि हिरवे दाणे घरभर घरंगळत होते. शीलूनं मनात आकडे मोजले. एक. दोन. तीन. चार. मग ज्ञानदीपनं एकदम आत श्वास ओढला, आणि तो रडला. इतकं गोड रडणं शीलूनं कधी ऐकलं नव्हतं.

त्याचं डोकं खळीत बसलं होतं, पण मग ते एका बाजूला कलंडलं होतं. नाक आणि तोंड कापडात गेलं होतं आणि राईचे दाणे सरकून भोवतीनं जवळ आले होते. एवढ्याशा बाळाला डोकं फिरवून बाहेर येता आलं नाही.

तेवढ्यात पप्पा भाजीची पिशवी घेऊन आले. पिशवी दारातच राहिली. पप्पांनी कॉटमधली उशी उचलली, एकदा पाहिली, खिशात कोंबली आणि खाली धावत जाऊन रिक्षा थांबवली. "तुकोगंज, भिया! जल्दी!" रिक्षावाल्यानं बाळाकडे पाहिलं आणि रिक्षा पळवली. मम्मी, पप्पा, आजी आणि शीलू, सगळे त्याच रिक्षात दाटीनं बसले होते.

बाळाच्या डॉक्टर अबोली मॅडम हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी ज्ञानदीपच्या पायाच्या अंगठ्याला चिमट्यासारखं यंत्र लावलं, छाती ऐकली, डोळ्यांत टॉर्च मारला. संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊ म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे तो. वेळेवर उचललंत तुम्ही."

मग पप्पांनी खिशातून उशी काढून टेबलावर ठेवली.

"ही कोणी ठेवली होती?" मॅडमनी विचारलं. "भांडायला नाही विचारत. पुन्हा होऊ नये म्हणून विचारते."

पप्पांनी आजीकडे पाहिलं. मम्मीनं पाहिलं नाही, तिनं मान खाली घातली, पण तेही आजीकडे पाहिल्यासारखंच होतं. हिरवं पातळ आजीचं होतं. टाका आजीचा होता. राईच्या उशीचा हट्टही आजीचाच होता.

"मी नाही ठेवली," आजी म्हणाली.

"आई, मग कोण ठेवणार?" पप्पा चिडले नव्हते. ते थकल्यासारखे बोलत होते. "तुम्हीच होता ना तिथं."

आता बोल, शीलू स्वतःला म्हणाली. आत्ता. तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात अबोली मॅडम तिच्याकडे वळून हसल्या. "आणि ही ताई वाटतं?"

"हो," पप्पा म्हणाले, आणि त्या सगळ्या गडबडीतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला. "तुमचे ते नियम हिनंच लिहून भिंतीला लावलेत, मॅडम. मोठ्यांना कळत नाही ते हिला कळतं."

शीलूचं तोंड मिटलं. तिचे कान इतके गरम झाले की तिला वाटलं, आता सगळ्यांना दिसेल. कोणालाच दिसलं नाही.

मॅडम आजीच्या समोर खुर्ची घेऊन बसल्या. "आजी, ऐका. पूर्वी सगळेच ठेवायचे राईची उशी. मायेनंच ठेवायचे. पण या वयात मानेत जोर नसतो. नाकाशी मऊ काही आलं की बाळाला बाजूला होता येत नाही. आणि काही बाळं अशी असतात की हवा कमी पडली तरी झोपेतून जागीच होत नाहीत. म्हणून बिछान्यात काहीच नको. डोक्याचं म्हणाल, तर जागा असताना आपल्यासमोर थोडा वेळ पोटावर खेळवा, झोपवताना मान कधी या बाजूला, कधी त्या बाजूला करा. येईल डोकं गोल." त्या थांबल्या. "कधी कधी सगळं नीट केलं तरी बाळ झोपेत जातं. का गेलं, ते आम्हालाही सांगता येत नाही. तेव्हा दोष कोणाचाच नसतो. पण आपल्या हातात जेवढं आहे, तेवढं करायचं."

'दोष कोणाचाच नसतो' हे ऐकताना आजीनं चटकन मान वर केली, जणू कोणी तिला हाक मारली होती. मग टेबलावरच्या हिरव्या उशीकडे तिची नजर गेली आणि मान पुन्हा खाली झाली.

घरी कोणी आजीला रागावलं नाही. रागावले असते तर बरं, असं शीलूला वाटलं. पप्पांनी उशी माळ्याच्या फळीवर टाकून दिली. मम्मी आजीला चहा देई, औषधाची आठवण करी. फक्त ज्ञानदीप रडला आणि आजीनं हात पुढे केले, की मम्मी हळूच म्हणे, "राहू द्या आई, मी घेते." दोन दिवसांनी आजीनं हात पुढे करणंच सोडलं. बाळ रडलं की ती दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची.

आणि ती सारखी विचारू लागली. गॅस बंद केला ना मी? दार लावलं ना? गोळी घेतली का गं मी? शीलू बघ बरं. एका दुपारी पप्पा मम्मीला म्हणाले, "विसरण्याच्या डॉक्टरला दाखवावं लागेल आईला. चष्मा फ्रिजमध्ये ठेवणं वेगळं. हे तर..." चष्म्याच्या गोष्टीवर आता कोणी हसलं नाही.

बुधवारी शीलू शाळेतून आली तेव्हा आजी गच्चीवर उन्हात बसली होती. तिच्या मांडीवर ती उशी होती. माळ्यावरून तिनं ती कशी काढली कोण जाणे. डोळे मिटून ती अंगठ्यानं टाके चाचपत होती.

"बस," आजी म्हणाली. "टाका माझाच आहे, शीलू. बघ, दाण्याएवढा. गाठही लपवलेली. म्हणजे मीच शिवली. पण कधी शिवली तेच आठवत नाही. सगळा दिवस आठवून पाहते, सोमवार, मंगळवार, कुठेच सापडत नाही. तू माझ्याजवळ असतेस ना सारखी. तू पाहिलंस का गं मला शिवताना?"

मुलांनो, इथं क्षणभर थांबा. दवाखान्यात शीलू नुसती गप्प बसली होती. आता आजीनं तिला सरळ विचारलं होतं. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"मला नाही माहीत," शीलू म्हणाली.

आजीनं मान हलवली. "तू तरी काय सांगणार." मग ती दूरवर बघत बोलू लागली, शीलूशी नाही, जणू त्या उन्हाशीच. "तुझ्या बापाच्या आधी मला एक मुलगा होता. सुमेध. तीन महिन्यांचा. महूला अशीच थंडी होती. माझ्याजवळ वाकळीत निजवला होता. सकाळी उठवला तर उठला नाही. माझी सासू म्हणाली, झोपेत दाबलंस तू त्याला. तुझे आजोबा काही बोलले नाहीत, बूट घालून ड्युटीवर गेले. कोणीच म्हटलं नाही की नाही गं, तू नाही. पन्नास वर्षं झाली. परवा ती डॉक्टरीण म्हणाली, कधी कधी दोष कोणाचाच नसतो. तेवढा एक क्षण मला वाटलं..." आजीनं उशी पालथी केली. "पण बघ ना. पुन्हा माझ्याच हातून."

शीलू उठली आणि खाली आली. रात्री ती जेवली नाही. मम्मीनं कपाळाला हात लावून ताप पाहिला, आणि मम्मीचा तो मायेचा हातसुद्धा शीलूला सोसेना. भिंतीवरचा कागद तिच्याच अक्षरांत तिच्याकडे बघत होता. त्यावरचं फूल तिला खोडून टाकावंसं वाटलं.

शुक्रवारी आजीनं स्वतःच सांगून टाकलं. "नरेंद्र, मला मानपुरला सोड. रघुवीरकडे राहते." रघुवीर म्हणजे आजीचा धाकटा भाऊ, हायवेवर त्याचं टायरचं दुकान होतं. पप्पा म्हणाले, "आई, असं काय करता!" पण त्यांनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा नाही. मम्मी रडली. तीही नको म्हणाली नाही.

रविवारी सकाळी नऊची बस होती. शीलू दारात उभी राहून आजीची तयारी बघत होती. आजीनं पिशवीत चार पातळं घातली, औषधं घातली. मग पेटीतून सुईदोऱ्याचा डबा काढला आणि शीलूच्या हातात दिला.

"हा आता तुझा. माझ्या हातात सुई नको आता. कुठे काय शिवून ठेवीन, माझं मलाच कळायचं नाही."

डबा पत्र्याचा होता, जुन्या बिस्किटांचा. शीलूनं तो छातीशी धरला आणि मग पलंगावर ठेवून दिला.

"आजी, उशी मी शिवली."

आजीनं ऐकलं नसावं, असं वाटलं. ती पिशवीची चेन ओढत राहिली. चेन अडकली होती.

"आजी. मी शिवली. टाकीमागे बसून. आणि मीच ठेवली. तू झोपली होतीस तेव्हा. तू नाही ठेवलीस."

आजी पलंगावर बसली. "पुन्हा सांग."

शीलूनं पुन्हा सांगितलं. पातळ पेटीतून घेतलं, राई डब्यातून घेतली, जनामावशी बर्फी म्हणाल्या होत्या म्हणून. या वेळी शब्द रडण्यात बुडत होते, पण तिनं शेवटपर्यंत सांगितलं.

"म्हणजे मी नव्हते?"

"नाही."

"मला विसरायला झालं नव्हतं?"

"नाही, आजी."

आजीनं दोन्ही हात पदराबाहेर काढले आणि उलटेसुलटे करून पाहिले, जणू ते कोणी तिला नुकतेच परत आणून दिले होते. शीलूनं तिच्या गुडघ्याला हात लावला. आजीनं गुडघा बाजूला घेतला.

"बुधवारी मी तुला विचारलं होतं," आजी म्हणाली.

"हो."

"मी वेडी झाले असं मला वाटत होतं, शीलू. आठ दिवस."

शीलू नुसती उभी राहिली. नाक वाहत होतं, तेही तिनं पुसलं नाही.

खालून पप्पांचा आवाज आला, "आई, निघूया का? स्टँडवर जायला स्कूटर काढलीय."

आजीनं शीलूकडे पाहिलं. पाहता पाहता तिचा चेहरा हळूहळू निवळला. तिनं पदरानं शीलूचं नाक पुसलं, जरा जोरातच. "रडू नकोस. ऐक. मला कळलं ना, पुरे झालं. दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. तुझी मम्मी पुन्हा बाळाला हात लावू देणार नाही तुला, आणि ते फार वाईट असतं, मला माहीत आहे. मी काय, म्हातारी. चार दिवस भावाकडे राहीन, हवा बदलेल, येईन परत. आपल्या दोघींतच राहू दे."

मनात एवढं धरून ठेवा म्हटलं होतं, ते आता पुन्हा समोर आणा. आजीनं माफ केलं होतं. सुटायला दार उघडं होतं, आणि ते आजीनंच उघडून दिलं होतं. शीलूनं फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहायची तर तिला आता सवयच झाली होती.

पप्पा वर आले आणि पिशवी उचलायला वाकले. पलीकडच्या खोलीत मम्मी ज्ञानदीपला दूध पाजून नुकतीच उठली होती आणि त्याला कॉटमध्ये पाठीवर ठेवत होती.

शीलूनं आजीच्या उशाशी पडलेली हिरवी उशी उचलली.

"शीलू," आजी हळूच म्हणाली. "राहू दे गं."

शीलू थांबली नाही. पलीकडच्या खोलीत जाऊन ती कॉटपाशी, आपल्याच अक्षरांतल्या त्या कागदाखाली उभी राहिली. तिनं उशी दोन्ही हातांत पुढे धरली, पण बिछान्यापासून लांब.

"पप्पा, तुम्हीही इकडे या," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "इकडे या ना." पप्पा हातात पिशवी घेऊनच दारात आले.

"ही आजीची उशी नाही. मी शिवली. मी ठेवली. हा कागद मीच लिहिला होता, तरी ठेवली. दवाखान्यात मी गप्प बसले. आणि आजीनं मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

पिशवी पप्पांच्या हातातून खाली टेकली. मम्मीचा हात कॉटच्या कठड्यावर तसाच राहिला.

शीलूला पळून गच्चीवर जावंसं वाटलं, टाकीमागे. तिनं उशी मम्मीच्या हातात दिली, आणि आता काय बोलतील ते ऐकायला तिथंच उभी राहिली.